पन्नास अब्ज पक्षी आणि त्यांचे वाटप: विपुल व दुर्मीळ प्रजातींच्या आकडेवारीचा एक प्रकरण अभ्यास

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कोरी कॅलाहन, शिनिची नाकागावा आणि विल्यम कॉर्नवेल हे त्याचे लेखक, आणि काम झाले होते सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात. जगातील ९,७०० पक्षी प्रजातींपैकी प्रत्येकीचे एकूण किती पक्षी आज हयात असावेत, याचा अंदाज त्यांनी मांडला होता. या सर्वांची बेरीज सुमारे ५० अब्ज आली आणि तोच आकडा जगभरच्या वृत्तपत्रांनी उचलून धरला. पाठोपाठ २०२२ मध्ये, त्याच नियतकालिकात, ऑरिन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंदाजांवर कठोर आक्षेप घेणारे पत्र लिहिले आणि मूळ लेखकांनी त्याला उत्तर दिले.

हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात एकमेकांत मिसळलेले तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला दावा एकूण बेरजेचा, दुसरा एकेका प्रजातीच्या संख्येचा आणि तिसरा या ९,७०० संख्यांचे मिळून जे वितरण तयार होते त्याच्या आकाराचा. चर्चा झाली ती बहुतेक पहिल्या दोन दाव्यांची. माझ्या मते टिकाऊ आहे तो तिसरा, पण तोही पूर्णपणे नाही, आणि नेमका कोठपर्यंत टिकतो हे पाहण्यासाठी अंदाज कसे काढले गेले आणि त्यांतील चुका कोणत्या बाजूला झुकतात याचा बारकाईने विचार करावा लागतो.

प्रश्नाची पूर्वपीठिका

एखाद्या भागातील सर्व पक्षी मोजून प्रजातीनिहाय आकडे मांडले, तर मोजक्या प्रजातींच्या वाट्याला बहुतेक पक्षी येतात आणि बहुतेक प्रजातींच्या वाट्याला अगदी थोडे. हे जंगलात दिसते, पाणथळीवर दिसते, कीटकांत दिसते, झाडांतही दिसते. १९४३ मध्ये रोनाल्ड फिशर, स्टीव्हन कॉर्बेट आणि सी. बी. विल्यम्स यांनी मलायातील फुलपाखरांच्या संग्रहावर हे गणिताने मांडले. त्या संग्रहात ११८ प्रजातींचा केवळ एकेक नमुना मिळाला होता, ७४ प्रजातींचे दोन-दोन, ४४ प्रजातींचे तीन-तीन आणि २४ प्रजातींचे चार-चार. म्हणजे सर्वांत मोठा गट सर्वांत दुर्मीळ प्रजातींचाच होता.

पाच वर्षांनी फ्रँक प्रेस्टन यांनी त्याच प्रकारच्या आकडेवारीकडे निराळ्या रीतीने पाहिले. प्रेस्टन व्यवसायाने काचतंत्रज्ञ होते, परंतु पक्ष्यांचा त्यांचा अभ्यास गंभीर होता, आणि त्यांनी वापरलेल्या माहितीत न्यूयॉर्क राज्यातील क्वेकर रन दरीत वीण करणाऱ्या पक्ष्यांची मोजदादही होती. त्यांनी प्रजातींची वर्गवारी साध्या संख्येनुसार न करता दुपटीच्या पायऱ्यांनी केली: एक ते दोन, दोन ते चार, चार ते आठ, आठ ते सोळा अशी. या पायऱ्यांना त्यांनी संगीतातून सप्तकाची संज्ञा दिली. अशा मापपट्टीवर प्रजाती मांडल्या की मधल्या पायऱ्यांवर सर्वाधिक प्रजाती आणि दोन्ही टोकांना कमी, असा घंटेचा आकार उमटतो. दुपटीच्या पायऱ्यांची ही मापपट्टी म्हणजे लघुगणकीय मापपट्टी, आणि तिच्यावर उमटणारी ही घंटा म्हणजेच लघुगणकीय सामान्य वितरण. नमुना लहान असेल तर घंटेची डावी बाजू, म्हणजे दुर्मीळ प्रजातींची बाजू, दिसतच नाही, कारण त्या प्रजातींचा एकही पक्षी नमुन्यात आलेला नसतो. प्रेस्टन यांच्या मांडणीत तेथे एक पडदा आहे, आणि नमुना जसजसा मोठा होईल तसतसा तो डावीकडे सरकतो.

फिशर यांचे सूत्र आणि प्रेस्टन यांची घंटा यांत बरोबर कोण, हा वाद पुढे अनेक दशके चालला. पक्ष्यांच्या बाबतीत त्याला १९९१ मध्ये एक महत्त्वाचे वळण मिळाले. शॉन नी, पॉल हार्वे आणि रॉबर्ट मे यांनी ब्रिटनमधील पक्ष्यांचे आकडे तपासले. ब्रिटनमध्ये पक्ष्यांची गणना इतकी काटेकोर होते की तेथे पडदा जवळजवळ पूर्ण उचललेला आहे असे मानता येते. त्यांना घंटा मिळाली, पण ती सममित नव्हती: तिचे डावे, दुर्मीळ टोक उजव्यापेक्षा लांब ताणलेले होते. सममित लघुगणकीय वितरणातून जितक्या अतिदुर्मीळ प्रजाती अपेक्षित असतात, त्यांहून अधिक निसर्गात आहेत, असा त्याचा अर्थ होता. २००३ मध्ये ब्रायन मॅक्गिल यांनी त्यावर उलट प्रश्न विचारला: हे डावीकडे झुकणे निसर्गाचे आहे, की नमुना घेण्याच्या पद्धतीतून निर्माण झालेला भास आहे? २०२१ च्या शोधनिबंधाने याच प्रश्नाला प्रथमच जवळजवळ संपूर्ण पक्षीजगताच्या पातळीवर हात घातला आणि उत्तर दिले की जगभरच्या पक्ष्यांचे वितरणही लघुगणकीय मापपट्टीवर डावीकडे झुकलेले आहे.

अंदाज कसे काढले गेले

माहितीचा मुख्य स्रोत होता ईबर्ड. २००२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात हौशी आणि व्यावसायिक पक्षीनिरीक्षक आपापल्या फेऱ्यांच्या याद्या नोंदवतात. एका यादीत जागा, सुरुवातीची वेळ, फेरीचा कालावधी, चाललेले अंतर, निरीक्षकांची संख्या आणि प्रत्येक प्रजातीचे किती पक्षी दिसले हे लिहिलेले असते. मोजणी न करता केवळ प्रजाती दिसल्याची खूण करण्याचीही सोय आहे. २०१० ते २०१९ या काळातील जवळजवळ एक अब्ज नोंदी या अभ्यासात वापरल्या गेल्या आणि त्या करणाऱ्यांची संख्या सहा लाखांहून अधिक होती.

यादीत वीस साळुंक्या लिहिल्या आहेत म्हणून त्या परिसरात वीसच साळुंक्या आहेत असे होत नाही. दिसणे आणि असणे यांतला हा दुवा जोडण्यासाठी लेखकांनी ७२४ प्रजाती घेतल्या, ज्यांची घनता इतर तज्ज्ञ गणनांमधून बऱ्यापैकी ठाऊक आहे. या प्रजातींसाठी ईबर्डवरील सापेक्ष संख्या आणि खरी घनता यांचा संबंध काढला गेला. मग शरीराचा आकार, रंग, थव्याचा आकार आणि संवर्धनाच्या दृष्टीने प्रजातीची स्थिती अशा गुणधर्मांच्या आधारे तो संबंध उरलेल्या सुमारे नऊ हजार प्रजातींना लावला गेला. पृथ्वीची विभागणी पाच-पाच अंशांच्या चौकोनांत केली होती. विषुववृत्तावर अशा चौकोनाची एक बाजू साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. प्रत्येक चौकोनातील घनतेला क्षेत्रफळाने गुणून आणि सर्व चौकोनांची बेरीज करून प्रजातीची जागतिक संख्या मिळाली.

निष्कर्ष असा: चार प्रजाती अब्जाच्या वर. चिमणी १.६ अब्ज, युरोपीय स्टार्लिंग १.३ अब्ज, रिंग-बिल्ड गल हा उत्तर अमेरिकेतील कुरव १.२ अब्ज आणि बार्न स्वॅलो ही भिंगरी १.१ अब्ज. दुसऱ्या टोकाला १,१८० प्रजातींची संख्या प्रत्येकी पाच हजारांहून कमी, म्हणजे अभ्यासलेल्या प्रजातींपैकी सुमारे १२ टक्के. या चार प्रजातींची बेरीज ५.२ अब्ज होते. म्हणजे ९,७०० पैकी केवळ चार प्रजातींकडे जगातील दहावा हिस्सा पक्षी. ५० अब्जांना ९,७०० ने भागले तर प्रजातीमागे सरासरी ५२ लाखांच्या जवळपास पक्षी येतात, पण बहुसंख्य प्रजाती या सरासरीच्या खूप खाली आहेत, त्यामुळे ही सरासरी कोणत्याही ठराविक प्रजातीचे वर्णन करत नाही.

बेरजेविषयी थोडक्यात सांगायचे तर ५० अब्ज हा मध्यक आहे, म्हणजे संभाव्य आकडे क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणारा. अनिश्चितता उजवीकडे फार लांब पसरलेली असल्यामुळे त्याच अंदाजांची सरासरी घेतली तर आकडा अनेक पटींनी वाढतो. १९९७ मध्ये केविन गॅस्टन आणि टिम ब्लॅकबर्न यांनी निराळ्या मार्गाने २०० ते ४०० अब्ज असा अंदाज केला होता. या दोन अंदाजांमधून पक्षी कमी झाले असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक ठरेल. बेरीज ही या प्रकरणातील सर्वांत गाजलेली आणि सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

दोन प्रजाती जवळून

यादीतील कुरवाकडे पाहिले की कोणत्याही जाणकाराच्या भुवया उंचावतात. रिंग-बिल्ड गल हा पक्षी विपुल आहे यात शंका नाही, पण त्याच्या विणीच्या वसाहतींच्या गणनांवरून एकूण संख्या काही दशलक्षांच्या घरातच बसते. ती चाळीस लाख धरली, तरी १.२ अब्ज हा आकडा तिच्या ३०० पट होतो. प्रेस्टन यांच्या दुपटीच्या पायऱ्यांवर हे आठ पायऱ्यांहून अधिक अंतर आहे. चिमणीच्या बाबतीत स्वतंत्र अंदाजही अब्जाच्या आसपासच असल्याने तो आकडा एवढा खटकत नाही. मग कुरवाचेच असे का व्हावे? हा पक्षी तळ्यांचे काठ, बंदरे, कचऱ्याचे ढीग, मोठी वाहनतळे अशा उघड्या जागी शेकड्यांनी जमतो. पक्षीनिरीक्षकही नेमके पाणवठ्यांवर जातात, आणि उघड्यावर बसलेला थवा मोजायला सोपा असतो. अशा जागांवरची घनता पाच अंशांच्या अख्ख्या चौकोनाला लावली, की ज्या शेतांत, जंगलांत आणि डोंगरांत हा पक्षी फारसा नसतोच तेथेही तो कागदावर पसरतो.

आता दुसरे टोक. न्यूझीलंडच्या ग्रेट स्पॉटेड किवीची संख्या या अभ्यासात ३७७ अशी आली. न्यूझीलंडमधील क्षेत्रीय गणनांनुसार हा पक्षी दहा हजारांहून अधिक आहे. म्हणजे येथे आकडा किमान पंचवीस पट कमी. कारणही तितकेच सरळ आहे. हा किवी दक्षिण बेटाच्या डोंगराळ, ओल्या प्रदेशात राहतो, रात्री बाहेर पडतो, आणि त्याचा आवाज ऐकू येतो तेवढा तो दिसत नाही. दिवसा चार तास हिंडून केलेल्या यादीत तो येणार कसा?

ही दोन उदाहरणे विरुद्ध दिशांची आहेत आणि दोन्ही नेमक्या टोकांवरची आहेत. याला मी योगायोग मानत नाही.

टोकांवर चुका का साठतात

समजा, प्रत्येक प्रजातीची खरी संख्या लघुगणकीय मापपट्टीवर एका मध्याभोवती पसरलेली आहे, आणि आपला अंदाज म्हणजे ती खरी संख्या अधिक एक यादृच्छिक चूक. समजा, खऱ्या पसरणीचा प्रसरणांक, म्हणजे पसरण किती मोठी हे सांगणारा आकडा, चुकांच्या प्रसरणांकाच्या दुप्पट आहे. तर अंदाजांची एकूण पसरण तीन भागांची होते, त्यांपैकी दोन भाग निसर्गाचे आणि एक भाग चुकीचा. अशा स्थितीत जी प्रजाती अंदाजानुसार मध्याच्या हजारपट वर दिसते, ती प्रत्यक्षात सरासरीने शंभरपटच वर असते, कारण दहापटीच्या तीन पायऱ्यांपैकी दोनच खऱ्या असतात. तिची संख्या दहापट फुगलेली असते. जी हजारपट खाली दिसते, तीही प्रत्यक्षात सरासरीने शंभरपटच खाली असते. मधल्या प्रजातींच्या बाबतीत मात्र चुका दोन्ही बाजूंनी येतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात.

सर्वांत विपुल चार आणि सर्वांत दुर्मीळ हजार अशा याद्या केल्या, की आपण नकळत फुगलेल्या आणि आक्रसलेल्या अंदाजांची निवड करत असतो. बातमी मात्र अशा याद्यांचीच होते. लेखकांनी अनिश्चितता लपवली नव्हती. प्रत्येक आकड्यासोबत तिचा विस्तृत पल्ला दिलेला होता आणि तो अनेकदा दहापटीच्या अनेक पायऱ्या व्यापणारा होता. तरीही पल्ला सोडून एकच आकडा उचलला जातो, आणि टोकाच्या प्रजातींच्या बाबतीत तो आकडा सर्वांत कमी विश्वासार्ह असतो. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा आक्षेपही या अफाट अनिश्चिततेवर आणि मोजता न येणाऱ्या पूर्वग्रहावर होता. तो मला रास्त वाटतो, विशेषतः कोणी या आकड्यांवरून एखाद्या प्रजातीच्या संरक्षणाचा निर्णय घेणार असेल तर.

याच तर्काची दुसरी बाजूही आहे. लाल चोचीची क्वेलिया ही आफ्रिकेतील धान्यभक्षी प्रजाती जगातील सर्वांत विपुल रानपक्षी म्हणून ओळखली जाते आणि तिचे दीड अब्ज पक्षी असावेत असा जुना अंदाज वारंवार दिला जातो. अब्जाच्या वरच्या चार जणांत ती नाही. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात याद्यांचा पाऊस पडतो, तर क्वेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशांतून तुलनेने फारच थोड्या याद्या येतात. तेथील थवे लाखांचे असतात आणि सतत जागा बदलतात, त्यामुळे थोड्या याद्यांत ते एक तर सापडत नाहीत किंवा सापडलेच तर मोजता येत नाहीत.

मग आकाराचे काय

एकेक आकडा असा डळमळीत असेल, तर त्यांच्या वितरणाचा आकार कसा मानावा? येथे चुकांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. चुका खरोखर यादृच्छिक आणि लघुगणकीय मापपट्टीवर सममित असतील, तर त्या वितरण रुंद करतील पण त्याला कोणत्याही बाजूला झुकवू शकणार नाहीत. उलट, मुळात असलेला झुकाव त्या काहीसा पुसट करतील. म्हणजे अशा चुकांनंतरही डावा झुकाव दिसत असेल, तर खरा झुकाव दिसतो त्याहून तीव्र असला पाहिजे. एवढ्यावर थांबले तर मूळ लेखकांची बाजू भक्कम ठरते.

अडचण दुसऱ्या प्रकारच्या चुकांची आहे. किवीचे उदाहरण एकटे नसेल, म्हणजे निशाचर, दाट झाडीत राहणारे, एखाद्या बेटावर किंवा निरीक्षक क्वचित पोहोचतात अशा पर्वतरांगांवर असलेले पक्षी पद्धतशीरपणे कमी मोजले जात असतील, तर या चुका एकाच दिशेच्या होतात आणि डावे शेपूट त्याच तयार करतात. शिवाय संवर्धनाची स्थिती हा एक गुणधर्म म्हणून अंदाजात आधीच वापरला गेला होता. एखादी प्रजाती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली असली, की प्रतिमान, म्हणजे अंदाज काढणारी गणिती मांडणी, तिला खाली ओढते, आणि मग ती दुर्मीळ निघाली असे आपण म्हणतो. यात थोडे वर्तुळ आहे. मॅक्गिल यांचा २००३ चा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही.

याउलट जाणारे दोन मुद्देही नोंदवले पाहिजेत. ९,७०० प्रजाती म्हणजे ज्ञात पक्षी प्रजातींपैकी सुमारे ९२ टक्के. उरलेल्या ८ टक्क्यांची पुरेशी माहितीच नव्हती, आणि त्यांत विपुल प्रजाती असण्याची शक्यता नगण्य आहे. प्रेस्टन यांचा पडदा येथे अजून थोडा शिल्लक आहे, आणि तो उचलला तर डावी बाजू भरण्याचीच शक्यता अधिक. दुसरे असे की ब्रिटनच्या आकड्यांतला झुकाव ईबर्डवर अवलंबून नव्हता. कमी क्षेत्रात, काटेकोर गणनेतून, तीस वर्षे आधी तो दिसला होता. अगदी टोकाला तर शंकेला जागाच नाही. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट १९९५ मध्ये केवळ ५१ उरला होता आणि २०२२ मध्ये २५२ झाला. हा आकडा अंदाज नव्हे, कारण तेथील प्रत्येक पक्ष्याला नाव आहे आणि त्याच्यावर रेडिओ प्रक्षेपक आहे. अशा काही शेकड्यांच्या प्रजाती आणि अब्जाच्या घरातील चिमणी एकाच वर्गात असणे, म्हणजे वीसहून अधिक दुपटींचे अंतर, हे कोणत्याही प्रतिमानाशिवाय खरे आहे.

सर्व बाजू तोलून माझे मत असे बनते की बहुतेक प्रजाती थोड्या संख्येच्या आणि मोजक्या प्रजाती प्रचंड संख्येच्या, हा आकार निर्विवाद आहे. डावा झुकाव असण्याचा संभव बराच आहे, पण त्याची तीव्रता या अभ्यासातून ठरवता येत नाही. आणि एखाद्या प्रजातीचा सुटा आकडा उद्धृत करायचा असेल तर तो स्वतंत्र गणनेशी ताडून पाहिल्याशिवाय करू नये.

आकाराचे परिणाम

या आकाराचा एक व्यावहारिक परिणाम असा की पक्ष्यांची एकूण संख्या आणि प्रजातींची एकूण संख्या या जवळजवळ स्वतंत्र गोष्टी होऊन बसतात. उत्तर अमेरिकेत १९७० पासून २.९ अब्ज पक्षी घटले, असे केनेथ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५२९ प्रजातींच्या अभ्यासातून दाखवले, आणि त्यातील ९० टक्क्यांहून अधिक घट केवळ १२ कुळांतील होती. युरोपात रिचर्ड इंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १४४ प्रजातींच्या तीस वर्षांच्या आकडेवारीवरून ४२.१ कोटी पक्ष्यांची घट मांडली. तेथेही बहुतांश नुकसान सर्वांत विपुल प्रजातींचे होते आणि काही दुर्मीळ प्रजाती उलट वाढल्या होत्या. प्रवासी कबुतर एके काळी अब्जांच्या संख्येत होते आणि त्याचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला, हे ध्यानात घेतले तर विपुलता ही सुरक्षिततेची हमी ठरत नाही. नामशेष होण्याच्या यादीत एकही नवे नाव न येताही पक्षीजगताचा मोठा हिस्सा नाहीसा होऊ शकतो.

या दोन्ही अभ्यासांचे बळ एका गोष्टीत आहे, जी २०२१ च्या अंदाजांकडे नाही: त्यांचा आधार ठरलेल्या पद्धतीने वर्षानुवर्षे पुन्हा केलेल्या गणनांवर आहे. उत्तर अमेरिकेतील वीणपक्षी सर्वेक्षण १९६६ पासून चालू आहे, आणि त्यात प्रत्येक ठरलेल्या मार्गावर ५० थांब्यांवर तीन-तीन मिनिटे मोजणी होते. एखादी प्रजाती तेथे नेहमीच निम्मी मोजली जात असेल, तर ती दरवर्षी निम्मीच मोजली जाते, आणि वर्षागणिक बदलाचे प्रमाण काढताना ती चूक निघून जाते. जागतिक संख्येच्या अंदाजात तीच चूक तशीच राहते आणि चौकोनाच्या क्षेत्रफळाने गुणली जाते.

पुढच्या अंदाजांत डाव्या झुकावाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर नव्या याद्यांची भर उत्तर अमेरिकेतील तळ्यांवर पडून फारसा उपयोग नाही. ७२४ प्रजातींच्या त्या आधारगटात निशाचर, बेटांवरील आणि उष्ण कटिबंधातील दाट जंगलांत राहणाऱ्या प्रजातींची स्वतंत्रपणे मोजलेली घनता वाढवावी लागेल, कारण ज्यांच्यावरून संबंध शिकला जातो त्यांच्यासारखे नसलेले पक्षीच सर्वाधिक चुकतात. किवीसाठी न्यूझीलंडमध्ये रात्रीच्या हाकांची गणना केली जाते आणि ध्वनिमुद्रण यंत्रे आता आठवडेच्या आठवडे जंगलात ठेवता येतात. अशा शंभर-दोनशे प्रजातींची घनता हाती आली आणि त्यांचे अंदाज सातत्याने एकाच बाजूला चुकलेले निघाले, तर डाव्या शेपटाचा किती भाग निसर्गाचा आणि किती भाग आपल्या न दिसण्याचा, हे वेगळे करता येईल.